स्पॅनिश पद्धतीची ओव्हनमधली कोंबडी: रंग येतो, तो वास येत नाही

गोदीवाला

नमस्कार मंडळी. चार वर्षं इथे नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. विषय तसा क्षुल्लक आहे, पण घरात आता त्यावरून भांडणं व्हायला लागली म्हणून शरण आलो.

मी हर्णैचा. बावीस वर्षं जहाजावर इंजिनरूममध्ये फिटर होतो, आता घरी हापूसची नऊ कलमं आणि मी. दिवाळीत मुलीने 28 लिटरचा ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन, आणून दिला. बायकोने त्यात दोनदा केक केला, एकदा नानकटाई केली, आणि मग त्याच्या डोक्यावर पापडांचे डबे चढले. फेब्रुवारीत मी ते डबे उतरवले. मला त्यात एकच पदार्थ करायचाय आणि तो काही केल्या होत नाहीये.

1998 साली आमचं जहाज स्पेनमध्ये कादिझला सुक्या गोदीत दुरुस्तीला लागलं होतं, चोवीस दिवस. गोदीत गॅली, म्हणजे जहाजावरचं स्वयंपाकघर, बंद, त्यामुळे हातावर भत्ता मिळायचा आणि गेटबाहेर जे दिसेल ते खायचं. त्या लोकांचं दुपारचं जेवण दोन-अडीचच्या आत होत नाही. आम्ही साडेबाराला भुकेने व्याकूळ. खानावळवाली बाई मग पाव आणि खारवलेली हिरवी ऑलिव्ह पुढ्यात सारून आम्हाला गप्प बसवायची. सहा टेबलांची खानावळ. दोन वाजले की आतून भलामोठा काळा ट्रे यायचा. तळाला बटाट्याच्या चकत्या आणि कांदा, वर कोंबडीच्या तंगड्या, मधे मधे लसणीचे अख्खे गड्डे आडवे कापून पालथे घातलेले. रस्सा नाही, वाटण नाही, खोबरं नाही. कातडीला सुरी लावली की कर्र वाजायचं, आणि कोंबडीतनं जे काही गळलेलं असेल ते सगळं खालचे बटाटे प्यालेले असायचे. माझा एक केरळी सहकारी होता, तो कोंबडी मला द्यायचा आणि माझे बटाटे घ्यायचा. तेव्हा मला वाटायचं मी फायद्यात आहे.

पण खरी गोष्ट वासाची. बाईच्या ओट्यावर एक छोटा, लाल रंगाचा पत्र्याचा डबा असायचा. एकदा खुणेने विचारलं हे काय, तर झाकण काढून थेट नाकाखाली धरलान. तिखट होतं, लालभडक. पण वास आमच्या जुन्या घरातल्या चुलीवरच्या माळ्याचा! पावसाळ्यात आई तिथे सुके बोंबील, बांगडे, मिरच्या, सोलं असं सगळं टांगून ठेवायची, वर्षभराच्या धुराने काठ्या काळ्या तुकतुकीत झालेल्या. बाईला सांगायला माझ्याकडे भाषा नव्हती. नुसता "गुड, गुड" म्हणालो.

आता प्रयोगांची हकिगत. पहिल्या वेळी दुकानदाराने सवयीने कोंबडी सोलून, रश्श्याचे तुकडे करून दिली, आणि बायकोने माझ्या आधी पोचून दही, आलं-लसूण लावून ठेवली. झालं ते तंदुरीचं लांबचं नातेवाईक. दुसऱ्यांदा कातडीसकट लेग पीस आणले, काश्मिरी तिखट, तेल, लसूण लावली, वाइन नव्हती म्हणून पाव वाटी व्हिनेगर ओतलं. ट्रेमध्ये बोटभर पाणी साठलं, कोंबडी शिजली म्हणण्यापेक्षा उकडली, बटाटे कच्चे, आणि घरात दोन दिवस लोणच्याच्या कारखान्याचा वास. तिसऱ्यांदा रंगासाठी वरचा रॉड चालू केला तर तिखट जळून कडू झालं. त्यात पस्तिसाव्या मिनिटाला लाईट गेली. उरलेली कोंबडी तव्यावर परतून संपवली.

चौथ्यांदा कोंबडी आणलीत तर तुमची तुम्ही खा, असं सांगण्यात आलंय.

तेव्हा जाणकारांनो, तो धुराचा वास कुठून आणायचा? पाणी का सुटतं? बटाटे कोंबडीबरोबर शिजत का नाहीत? आणि वाइनला इथे काय पर्याय? दापोलीत मिळत असेल, पण आमच्या घरात बाटली आली तर पाहुण्यांना उत्तरं मला द्यावी लागतील.

रस्साप्रेमी

काका, एवढा खटाटोप कशाला? दोन हजार रुपयांच्या ओव्हनमधे परदेशी कोंबडी भाजण्यापेक्षा गावठी कोंबडा आणा, वाटण लावा, वडे तळा. स्पेनवाले इथे येऊन ताट चाटतील.

गोदीवाला

रस्साप्रेमी, कोंबडी-वडे आमच्याकडे होतात हो, आणि मला ते आवडतातही. पण माणसाला कधी कधी एखाद्या खानावळीत परत जाऊन बसावंसं वाटतं. आणि ओव्हन दोन हजाराचा नाही, सहा हजाराचा आहे.

सुरंगी

मी वेंगुर्ल्याची. वासाचं नंतर सांगते, आधी पाण्याचं. काका, दोन गोष्टी सांगा. कोंबडी धुऊन तशीच ट्रेमध्ये घालता ना? आणि ओव्हन आधी तापवता का, की गार ओव्हनमध्ये ट्रे सरकवून मग बटण फिरवता?

गोदीवाला

धुऊन, निथळून घालतो. ओव्हन पाच मिनिटं तापवतो.

सुरंगी

अहो निथळून नाही, पुसून! आपल्याकडे दुकानात पिसं काढल्यावर कोंबडी पाण्यात बुचकळतात, घरी आणली की आपण परत धुतो, आणि तिच्यात पाणी भरून राहतं. ते ओव्हनमध्ये सुटणारच. जुन्या पंचाने, नाहीतर टिश्यूने दाबून दाबून कोरडी करा, मीठ चोळा आणि रात्रभर फ्रीजमध्ये उघडी ठेवा. उघडीच, वर झाकण नाही. खालच्या खणात ठेवा, म्हणजे दुसऱ्या कशावर थेंब पडायचा नाही. सकाळी कातडी कागदासारखी सुकलेली दिसेल. ती सुकली तरच कर्र वाजणार.

आणि पाच मिनिटांत ओटीजीचा फक्त दिवा तापतो. निदान पंधरा-वीस मिनिटं ठेवा.

माद्रिदपलट

कामाच्या निमित्ताने सहा वर्षं माद्रिदला होतो, आता पुण्यात. गोदीवाला, तुमचं वर्णन वाचून मी कामाच्या वेळेत भूक लागून बसलोय.

तुम्ही म्हणता तो डबा पिमेंतोनचा, म्हणजे तिकडच्या लाल तिखटाचा. जहाल नाही, आपल्या तिखटापेक्षा बराच सौम्य. स्पेनच्या पश्चिमेला, पोर्तुगालच्या सरहद्दीला लागून एक्स्त्रेमादुरा प्रांत आहे, त्यातल्या ला वेरा खोऱ्यातलं पिमेंतोन सगळ्यात नावाजलेलं. तिथे मिरची निघते सप्टेंबर-ऑक्टोबरात, आणि नेमका तेव्हाच तिथला पाऊस सुरू होतो. उन्हात वाळवायची सोय नाही. म्हणून ते लोक दोन मजली खोपटात मिरच्या माळ्यावर पसरतात, खाली ओकच्या लाकडाचा मंद जाळ ठेवतात, आणि दहा-पंधरा दिवस धुरावर सुकवतात. रोज हाताने उलथापालथ. तुमच्या आईचा चुलीवरचा माळा आणि त्यांचं खोपट यांचं कारण एकच: पाऊस. त्यामुळे तुमचं नाक काही चुकलेलं नव्हतं. दक्षिण-पूर्वेकडे मुर्सियात मात्र ऊन भरपूर, तिथलं पिमेंतोन उन्हात वाळवलेलं, त्याला हा वास नसतो. म्हणजे तुम्ही नुसतं 'पॅप्रिका' लिहिलेली बाटली आणलीत तर पैसे पाण्यात. डब्यावर 'स्मोक्ड' किंवा 'दे ला वेरा' हवं. तीन प्रकार असतात, गोड, मधला आणि तिखट. कोंबडीला गोड घ्या. ऑनलाइन मिळतं, पण छोट्या डब्याची किंमत बघून घरचे काय म्हणतील ते सांगत नाही.

आता बटाट्यांचं. त्या चकत्यांना तिकडे 'पातातास पानादेरास' म्हणतात. पानादेरा म्हणजे पाव करणारी बाई, म्हणजे हे झाले पाववालीचे बटाटे. (आपला 'पाव' पोर्तुगीजांकडून आला आणि 'बटाटा'सुद्धा, त्यामुळे हे नाव तुम्हाला निम्मं आधीच येतंय.) त्यांची गोम अशी की ते कोंबडीच्या आधी ओव्हनमध्ये जातात. अर्धा-पाऊण किलो बटाटे, पाव इंचाहून पातळ चकत्या, एक मोठा कांदा उभा चिरून, तीन मोठे चमचे तेल, मीठ. 200 अंशावर वीस-पंचवीस मिनिटं एकटेच. ते अर्धे मऊ झाले की त्यावर तंगड्या, कातडी वर करून, एकमेकींना न चिकटता. मग आणखी चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. मधल्या खाचेत ट्रे, खालचे-वरचे दोन्ही रॉड चालू. थर्मामीटर असेल तर हाडाजवळ 74 अंश आलं की झालं. नसेल तर सांध्यात सुरी टोचा, रस गुलाबी नाही, स्वच्छ यायला हवा. चार लेग पीस म्हणजे साधारण किलोभर, तुमच्या ओटीजीच्या ट्रेत त्याहून जास्त कोंबू नका, दाटी झाली की पुन्हा उकडणार.

तिखट कोरडं भुरभुरवू नका. पिमेंतोन लगेच जळतं, म्हणून तिकडे कढईतही ते शेवटी घालून लगेच काहीतरी ओलं ओततात. तेलात कालवा, लसूण-मीठ खलबत्त्यात चेचून त्यात घाला, आणि यातलं निम्मं कातडीच्या खाली, मांसाला चोळा. कातडीवर फक्त तेल-मीठ. उरलेलं निम्मं शेवटच्या दहा मिनिटांत ब्रशने.

वाइन नसली तरी चालतं. मोठा चमचाभर व्हिनेगर अर्धा कप पाण्यात, आणि ते कोंबडीवर नाही, कडेने बटाट्यांत ओतायचं. पाव वाटी म्हणजे तुम्ही लोणचंच घातलंत. कादिझच्या शेजारीच हेरेस, शेरी नावाच्या वाइनचं गाव, त्यामुळे तुमच्या खानावळवालीच्या हातात बहुधा शेरी किंवा तिचं व्हिनेगर असणार. ते मिळेल तेव्हा मिळेल.

तेल ऑलिव्हचं असेल तर उत्तम, नसेल तर शेंगदाण्याचं. खोबरेल नको, ते घातलंत की तुम्ही थेट मालवणात उतरलात.

अवांतर: 1580 ते 1640 या काळात स्पेन आणि पोर्तुगाल एकाच राजाखाली होते. म्हणजे तेव्हा वसई, चौल, कोर्लईवर जो राजा होता तोच स्पेनचा राजा. साठ वर्षं राज्य केलंन पण पिमेंतोनचा डबा काही इथे पोचवला नाही.

रस्साप्रेमी

डबा नाही पण मिरची तर पोर्तुगीजांनीच आणली ना? तीच मिरची अमेरिकेतून आधी स्पेनला गेली. मग आपल्याच मिरचीला धूर द्या की.

सुरंगी

रस्साप्रेमी पहिल्यांदा कामाचं बोललात.

काका, ऐका. डबा मागवू नका, घरी करू. मी दोन वर्षं करतेय. बॅडगी घ्या, दुसरी कुठली नको. कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातली ती सुरकुतलेली, गडद लाल. रंग भरपूर आणि तिखटपणा कमी, म्हणजे पिमेंतोनच्या स्वभावाला सगळ्यात जवळची. संकेश्वरी किंवा लवंगी घेतलीत तर धूर राहिला बाजूला, डोळ्यातनं पाणी येईल. पाव किलो आणा, देठं काढा, उभी फाडून बिया झटका. थोडं पाणी शिंपडून अर्धा तास झाकून ठेवा, किंचित ओलसर मिरचीला धूर जास्त धरतो.

जुन्या घमेल्यात नारळाच्या करवंट्यांचा जाळ करा. ज्वाळा बसल्या, निखारे झाले की त्यावर आंब्याच्या किंवा फणसाच्या सुक्या लाकडाच्या ढलप्या. जाळ नको, नुसता धूर. वर जाळी, जाळीवर मिरच्या, वर जुनं पातेलं पालथं, एका बाजूने बोटभर फट. दोन-तीन तास, मधून हलवत. मग दोन दिवस कडक उन्हात आणि मिक्सरला. सगळं अंगणात करायचं, घरात नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगते. काजूची टरफलं जाळू नका. आपल्याकडे परसात ढीग पडलेला असतो आणि फुकट जळण म्हणून हात जातो. त्यात तेल असतं, ते कातडीला लागलं तर भाजतं, त्याचा धूर खाण्याला लागता कामा नये. माझ्या दिराने एकदा टाकली होती. मिरच्या फेकल्या, आणि दीर दोन दिवस खोकत होता. नारळाची सोडणंही नकोत, त्यांचा धूर घशाला बसतो.

माझ्या सासूबाई बघून म्हणाल्या होत्या, "गो बाय, मिरचेक धूर कित्याक? जेवणाक काय कमी पडला?" नंतर त्यांनीच निम्मी बरणी सुक्या जवळ्यात संपवली.

हा वास डब्यातल्या इतका खोल येणार नाही. ते लोक ओल्या मिरच्या पंधरा दिवस धुरात ठेवतात, आपण सुकलेल्यांना तीन तास. पण तुम्हाला माळा आठवेल एवढा नक्की येईल.

आणखी एक. कुणी तमालपत्र घालायला सांगितलं तर घालू नका. त्यांचं 'बे लीफ' वेगळ्या झाडाचं, आपल्या तमालपत्राला दालचिनीचा वास असतो, पदार्थ लगेच पुलावाकडे जातो. थाइम या तिकडच्या वासाच्या पाल्याऐवजी चिमूटभर ओवा चुरडून घाला, दोन्हीत वासाचं थायमॉलच असतं. चिमूटभर म्हणजे चिमूटभरच, नाहीतर बाळंतिणीचं जेवण.

भट्टीकर

चिपळूणजवळ आमची आजोबांच्या वेळची बेकरी आहे, लाकडाच्या भट्टीची. वरती कुणीतरी पाववालीचे बटाटे म्हणालं म्हणून लिहितोय.

गोदीवाला, लाईटच्या भरवशावर तासाभराचं काम ठेवू नका, विशेषतः एप्रिल-मे मधे, वळवाचा वारा सुटला की गेलीच. आणि इन्व्हर्टरवर ओटीजी चालवायच्या फंदात पडू नका, तेवढा भार त्याला झेपत नाही. तुमच्या गावात बेकरी असेल. पाव पहाटे निघतात, पण वीट-मातीची भट्टी दुपारपर्यंत गरम असते. दिवाळीला आणि ईदला अर्धं गाव नानकटाईचे ट्रे घेऊन आमच्याकडे येतं, कोंबडीचा एक ट्रे आला तर कुणी नाही म्हणणार नाही. फक्त आधी विचारा, आणि शाकाहारी गिऱ्हाइकाचा माल आत नसेल अशी वेळ धरा.

भट्टीला तापमानाचा काटा नसतो. आम्ही तळावर चिमूटभर पीठ टाकतो. टाकताच काळं पडलं तर थांबायचं, सावकाश तांबूस झालं तर ट्रे सारायचा. जाळाच्या बाजूला जास्त भाजतं, म्हणून अर्ध्यात ट्रे फिरवायचा. हे विसरू नका.

गोदीवाला

तीन आठवड्यांनी परत आलो. झालं एकदाचं. सविस्तर लिहितो, कारण इथे धागा काढून गायब होणाऱ्यांचा मला राग आहे.

मिरचीपासून. दापोलीहून पाव किलो बॅडगी आणली. घमेलं, करवंट्या, आमच्याच पडलेल्या रायवळ आंब्याच्या ढलप्या. सुरंगीताई, तुम्ही जाळ नको म्हणालात ते मला पहिल्या खेपेला जमलं नाही. वारा आला, ढलपी पेटली, आठ-दहा मिरच्या गेल्या आणि सगळ्या आळीला ठसका लागला. समोरच्या घरातून विचारणा झाली की कुणाची दृष्ट काढताय का. मग घमेल्याच्या तीन बाजूंना चिरे उभे केले, ढलप्या पाण्यात बुडवून काढल्या, आणि पातेल्याऐवजी जुना पत्र्याचा डबा पालथा घातला. अडीच तास. मी स्टूल टाकून शेजारी बसलो होतो, इंजिनची वॉच ठेवतात तसा. उन्हात दोन दिवस, मिक्सर, आणि मग बरणीचं झाकण लावायच्या आधी बायकोच्या नाकाखाली धरली. ती म्हणाली, "सासूबाईंच्या माळ्यावरचा वास." मी तिला डब्याची गोष्ट तोपर्यंत सांगितलेलीच नव्हती. इथे लिहिली होती, घरात नाही.

कादिझचा वास तोच का? नाही. तो जाड होता, हा जरा पातळ आहे. पण एकाच घरातला आहे.

मग कोंबडीवाला. "चार लेग, कातडीसकट," म्हटलं तर सुरी थांबवून विचारतो, "कुत्र्याला काय?" मी म्हटलं, मला. त्याने बाजूच्या गिऱ्हाइकाकडे बघितलंन. धुवू नको म्हटल्यावर तर त्याची खात्रीच पटली की माणूस गेला कामातून. किलोला शंभर ग्रॅम कमी भरली, एक अंगठ्याएवढं कातडं फाटलं, पण मिळाली. घरी आणून पुसली, दीड चमचा मीठ चोळलं, फ्रीजच्या तळाला ताटलीत उघडी. सकाळी खरंच कागद! बोट फिरवलं तर सुक्या पापडासारखं लागलं. सगळ्या प्रकारात मला सगळ्यात जास्त धक्का याचा बसला. तीन वेळा मी मसाल्यांशी भांडत होतो आणि दोष पाण्याचा होता.

लसूण, मीठ, चिमूटभर ओवा खलबत्त्यात चेचला, तीन चमचे शेंगदाणा तेल, त्यात दोन चमचे धुराचं तिखट. कातडीखाली बोटं घालून मसाला सारायचं काम नाजूक आहे, पण गॅस्केट बसवलेल्या हाताला जमतं. बटाटे, कांदा, दोन लसणीचे गड्डे आडवे कापून ट्रेमध्ये. ओव्हन वीस मिनिटं तापवला. बटाटे गेले. बाविसाव्या मिनिटाला, भट्टीकर, तुमचं तोंड गोड होवो, लाईट गेली.

मी खुर्चीत बसून राहिलो. आणि ज्या बाईने चौथ्यांदा आणलीत तर तुमची तुम्ही खा म्हणून सांगितलं होतं, तिने कोंबडी बटाट्यांवर मांडलीन, वर ट्रेचं झाकण म्हणून दुसरा ट्रे पालथा घातलान आणि म्हणाली, स्कूटर काढा. ती मागे बसली, मांडीवर घडी घातलेली चादर, चादरीवर ट्रे. बाजारातून जाताना दर दहा पावलांवर कुणीतरी विचारायचं, आणि ती सगळ्यांना "केक, केक" सांगत होती.

बेकरीत आदल्या दिवशी विचारून ठेवलं होतं, तसा मी फिटर, पर्यायी व्यवस्था ठेवतो. साडेबारा झाले होते. पोऱ्याने पीठ टाकलं, सावकाश तांबूस झालं. लांब दांड्याच्या लाकडी फावड्यावर ट्रे चढवून आत सारला. चमचाभर व्हिनेगर पाण्यात कालवून बाटलीत नेलं होतं, ते कडेने ओतलं. पंचविसाव्या मिनिटाला ट्रे फिरवायचा, तर बेकरीच्या मालकाशी जुन्या जहाजांच्या गप्पांत मी चार-पाच मिनिटं उशीर केला. जाळाकडची एक तंगडी टोकाला काळी झाली. बाकी तिन्हींचा रंग असा की पोऱ्या पाव मोजायचा थांबला. शेवटचं तिखट-तेल फासलं, दहा मिनिटं, बाहेर.

एक तंगडी आणि मूठभर बटाटे बेकरीतच ठेवले, ते द्यायलाच हवेत. त्यांनी आम्हाला सहा गरम पाव दिले. काळी तंगडी मी घेतली.

घरी जेवायला बसलो तेव्हा सव्वादोन झाले होते. कादिझमध्ये हीच वेळ.

कातडी वाजली. लसूण गड्ड्यातून दाबली की लोण्यासारखी बाहेर आली, ती पावाला फासून खाल्ली. ट्रेच्या कडेला चिकटलेले बटाटे बायकोने उलथन्याने खरवडून स्वतःच्या ताटात घेतले आणि मला म्हणाली, तुम्ही कोंबडी खा. तो केरळी गडी मला तेव्हा आठवला. त्याला सगळं माहीत होतं.

तक्रार एकच. वाढायच्या आधी माझी पाठ वळल्यावर तिने वरून कोथिंबीर भुरभुरवलीन. विचारलं तर म्हणे, उघडं उघडं दिसत होतं.

आता सुरंगीताई, शेवटचा प्रश्न. दीडशे ग्रॅम तिखट उरलंय आणि जून तोंडावर आलाय. आमच्याकडे पावसात मीठसुद्धा पाणी धरतं. धूर न उडता हे चार महिने कसं ठेवू?

सुरंगी

काचेच्या छोट्या छोट्या बरण्या करा, एकच मोठी नको. पुन्हा एकदा ऊन दाखवून पूर्ण गार झाल्यावर भरा, खड्याच्या हिंगाचा तुकडा मात्र घालू नका, नेहमीच्या तिखटाला घालतो तसा. धुरावर हिंग बसतो. झाकणाखाली प्लास्टिकचा कागद, आणि फ्रीजरमध्ये. लागेल तेव्हा एकच बरणी बाहेर काढायची, आणि ती गार असताना उघडायची नाही, बाहेरच्या तापमानाला येऊ द्यायची, नाहीतर आत दव धरतं.

आणि काका, एक बरणी लपवून ठेवा. सुक्या बांगड्याचा हंगाम येतोय, घरात कुणाचा तरी हात जाणार.

गोदीवाला

उशीर झाला. काल रात्री गेला.